जावयाचं नाक

आमच्या जावईबापूंना दारूचा वास घेऊन पोट भरायचं होतं. त्यात वाईट काही नाही. मी चाळीस वर्षं लोकांच्या मळक्या कपड्यांचा वास घेऊनच पोट भरलंय. पण त्यासाठी मी कधी पुस्तक घेऊन बसले नाही.

ते बसले होते. माझ्याच स्वयंपाकघरात, टेबलावर पाच छोट्या बाटल्या, पाच निमुळत्या तोंडाचे ग्लास, एक जाडजूड पुस्तक आणि चेहरा असा, जणू कुणाची नाडी सापडत नाहीये.

झालं होतं असं, की मोठ्या हॉटेलात सिंगल माल्ट व्हिस्कीची खास खोली उघडणार होती. जगभरच्या बाटल्या, आणि त्या सांभाळायला एक जाणकार माणूस. जावई तोवर एका साध्या बारमध्ये होते, तिथे गिऱ्हाइकाला फक्त ग्लास भरल्याशी मतलब. हॉटेलच्या मालकांनी अट घातली, शनिवारी सकाळी पाच ग्लास ठेवीन, बाटल्या लपवीन, कुठली कुठली ते सांगा. पाचातल्या चार ओळखल्या तर नोकरी तुमची.

नाही ओळखल्या तर जहाज. जहाजावरच्या बारचं बोलावणं येऊन पडलं होतं. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष. पोरगी वरवर म्हणायची, "जाऊ दे गं आई, पगार बरा आहे," आणि तिच्या उशीचे अभ्रे दर दोन दिवसांनी धुवायला यायचे. त्यांच्यावर काय सांडलंय ते लाँड्रीवालीला सांगावं लागत नाही.

म्हणून मी जावयासमोर खुर्ची ओढली.

"काय येतंय यातून?"

"आई, यात बघा, हेदरची फुलं, समुद्री मीठ, जुनं चामडं, आणि मागे रेंगाळणारा धूर."

"हेदर पाहिलंय कधी?"

"नाही."

"मग तुमच्या नाकाची आणि त्याची गाठ कुणी घालून दिली? पुस्तकाने?"

मी दारूला तोंड लावत नाही, पण नाक लावायला कुणाची बंदी आहे? ग्लास उचलला, एकदाच हुंगला.

"हा तर आपल्या लाँड्रीतल्या बॉयलरवाल्याचा कोट. ओला झालेला, शेगडीपाशी वाळवलेला. आणि हाताला दवाखान्यातली पट्टी आहे त्याच्या."

जावयांनी बाटली उलटी करून खालची चिठ्ठी वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची चोरीच पकडलीय. "स्कॉटलंड. पश्चिमेकडचं बेट. तिथे दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर धान्य सुकवतात. पुस्तकात 'औषधी वास' असंच लिहिलंय, आई!"

"पुस्तक शहाणं दिसतंय. मिटून ठेवा."

मग आम्ही दोघं रोज संध्याकाळी बसू लागलो. मी त्यांना एकच गोष्ट शिकवली. आमच्या दुकानात गठ्ठा सोडला, की चिठ्ठी न वाचता मला कळतं हा कुणाचा. वासाला नाव द्यायला जायचं नाही, माणूस विचारायचा. आयर्लंडची व्हिस्की म्हणजे गवतावर वाळत घातलेली चादर, शेजारी कुणी सफरचंद खातंय. जपानची म्हणजे लाकडी पेटीतला ठेवणीतला रेशमी झगा, पेटीजवळ उदबत्ती विझलेली. शेरीच्या, म्हणजे द्राक्षाच्या दारूच्या, पिंपात मुरलेली स्कॉटलंडची म्हणजे बेकरीवाल्याचा अ‍ॅप्रन, मनुका नि जळकी साखर. तैवान म्हणजे फळवाल्याचा सदरा, तोही उन्हात दिवसभर उभ्या राहिलेल्या.

शुक्रवारपर्यंत जावई डोळे बांधूनसुद्धा सांगू लागले.

"आई, तुमच्या नाकाचा विमा उतरवायला हवा."

"आणि तुमच्या जिभेचा. ती किती वापरात असते."

पोरगी दारात उभी राहून हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

शनिवारसाठी त्यांचा पांढरा शर्ट मी स्वतः धुतला, कामाच्या बायकांना हात लावू दिला नाही. खळ अशी, की शर्ट एकटाच उभा राहावा. आमच्याकडे शेवटच्या पाण्यात लॅव्हेंडरचं तेल घालतात, बादलीला एक झाकण. त्या वासासाठी गिऱ्हाईक चार गल्ल्या ओलांडून येतं. मी तीन झाकणं घातली. जावई परीक्षेला चालले होते, तिथे काय हात आखडायचा?

हॉटेलची टेबलावरची कापडं आमच्याकडेच धुवायला येतात. त्या सकाळी गठ्ठा मी काखेत मारला.

"अगं आई, हॉटेलचा गठ्ठा मंगळवारी जातो ना?" पोरगी म्हणाली.

"या आठवड्यात मंगळवार शनिवारी आलाय."

कापडांचं कपाट त्या नव्या खोलीला लागूनच्या बोळात होतं, मधलं दार उघडं. आत मालक सारखे घड्याळ बघत होते. शेजारी एक चष्मेवाले तज्ज्ञ वही घेऊन बसलेले, ओठ घट्ट, हसणं जणू दुसऱ्या शहरात विसरून आलेले. जावयांनी पहिला ग्लास नाकाशी नेला. पुन्हा नेला. कपाळावर घाम.

"हलकी आहे," ते म्हणाले. "फुलांची. आयर्लंड."

चष्मेवाल्यांनी वहीत फुली मारली.

माझ्या हातातलं कापड तसंच राहिलं. अहो, धूर मला दारातून येत होता! सरळ सरळ बॉयलरवाल्याचा कोट! या माणसाला फुलं कुठून दिसली?

दुसरा ग्लास. जावई वाकले, कडक कॉलर हनुवटीपर्यंत वर आली. "यातही..." ते चाचरले, "यातही फुलंच येतायत."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फुलं ग्लासात नव्हती, कॉलरला होती. मला त्या तेलाचा वास कधीच येत नाही. चाळीस वर्षं त्यातच बुडालेय. माशाला विचारा, पाणी कसं आहे, तो काय सांगणार?

मला कपाट लावून मुकाट निघून जाता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. जावयाचं नाक कच्चं, एवढंच झालं असतं. पण नऊ महिने पोरीच्या तोंडाकडे कोण बघणार होतं?

मी आत गेले. "थांबा."

"बाई, कपाट तिकडे आहे," मालक म्हणाले.

"कपाट मला तुमच्या वडिलांपासून ठाऊक आहे. यांचं नाक बंद मी केलंय. शर्ट मी धुतला, तेल मी जास्त घातलं. चूक माझी आहे."

गिऱ्हाइकासमोर हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. बोलताना दात दुखल्यासारखं झालं.

"जावईबापू, शर्ट काढा."

"आई! इथे?"

"बनियन स्वच्छ आहे, साध्या साबणाचं आहे. लाजायला काय झालं? मान धुवा, हात धुवा, चला."

चष्मेवाल्यांनी तो शर्ट हातात घेतला, हुंगला आणि नाक आक्रसून तो लांब, खिडकीबाहेर धरला. "हा घालून मलाही काही कळलं नसतं," ते म्हणाले. "पण पहिलं उत्तर दिलं ते दिलं. आता चारही बरोबर यायला हवीत."

जावई बनियनवर टेबलापाशी उभे राहिले. खांदे आक्रसलेले, पण नाक मोकळं.

"गवतावरची चादर," ते म्हणाले.

"काय?" मालक दचकले.

"म्हणजे आयर्लंड."

बरोबर. तिसरा रेशमी झगा, जपान. बरोबर. चौथा बेकरीवाला, शेरीच्या पिंपातली स्कॉटलंडची. बरोबर. मालकांनी घड्याळ बघणं सोडलं होतं.

पाचवा ग्लास टेबलाच्या माझ्याकडच्या टोकाला होता. वास सरळ माझ्यापर्यंत आला. मनुका, जळकी साखर. पुन्हा बेकरीवालाच! फसवायला तोच दोनदा ठेवलाय लबाडांनी. मला खात्रीच होती. आता जावयाने नुसतं माझ्याकडे बघावं, एक खोकला पुरला असता. घसा साफ करूनही ठेवला होता मी.

त्यांनी बघितलंच नाही. दोन थेंब पाणी घातलं, डोळे मिटले आणि पुन्हा हुंगलं.

"अ‍ॅप्रन बेकरीवाल्याचा आहे," ते सावकाश म्हणाले, "पण घातलाय फळवाल्याने. पिंप शेरीचं, पण ऊन त्याच्या गावचं. तैवान."

चष्मेवाल्यांनी वही मिटली. "बरोबर."

मी खोकला गिळला. घशात अडकला, पण गिळला.

"एक तारखेपासून या," मालक म्हणाले. "कपडे घालून."

हॉटेलच्या पायऱ्यांवर जावयांनी जहाजाच्या ऑफिसला फोन लावला. अंगावर हॉटेलचा उसना कोट, आत बनियन, आणि म्हणत होते, "नाही साहेब, नाही येत. इथेच राहतोय." मग पोरीला लावला. पलीकडून एकदम इतकं ऐकू येऊ लागलं, की त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

फोन ठेवल्यावर ते माझ्याकडे वळले. "आई, पाचवा तुम्हाला कोण वाटला होता?"

"फळवाला. अजून कोण?"

ते हसले. फार हसले. हसू दे. दिवसाला एकच चूक कबूल करावी माणसाने, दोन केल्या की घरच्यांना सवय लागते.