खो-खोच्या खांबाची एक तक्रार

मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका मैदानावरचा खो-खोचा जुना खांब आहे, पूर्वेकडचा. पश्चिमेकडेही एक आहे, पण तो फारसा बोलत नाही.

संगप्पा सुताराने रंधा मारून मारून मला असे गुळगुळीत केले, की पोरांच्या तळहाताला कधी कुसळ टोचले नाही. मग काय, संध्याकाळ झाली की धुरळा, आरडाओरडा आणि माझ्या अंगावर हातच हात. मला धरून पोरे गर्रकन वळायची, सूर मारून पळणाऱ्याला टिपायची. "काय पोल मारला!" अशी वाहवा झाली की मीही मनातल्या मनात फुगायचो. पुढे घरोघरी मोबाईल आले आणि मैदान ओस पडले. माझ्या गळ्यात शेळीचे दावे आले. शेळी स्वभावाने चांगली होती, पण तिला खेळातले काही कळत नव्हते.

अनसूयाताई आल्या आणि माझे दिवस पालटले. याच मैदानावर खेळून मोठ्या झालेल्या ताईंनी मुलींचा संघ उभा केला. त्यातली नववीतली संघप्रिया माझी फार लाडकी. इतकी चपळ, की खारीने हिच्याकडे शिकवणी लावावी. जिल्ह्याच्या संघात निवड व्हावी, हा तिचा ध्यास. ती निवड महिन्यावर आली होती.

मला माणसे हातावरून कळतात. एकाएकी तिची पकड ढिली पडली. वळताना हात सुटायचा, सूर उशिरा पडायचा. ती हट्टाने जास्तच सराव करायची आणि जास्तच दमायची. माझा जीव नुसता तुटायचा.

अशात वेळापूरच्या मुलींशी सराव सामना झाला. संघप्रिया माझ्याजवळच्या चौकोनात बसली होती. तिच्याच संघातल्या ज्ञानदाने धावत येऊन पाठीवर थाप मारली, "खो!" आणि काय सांगू, बाईसाहेब चक्क डुलकी घेत होत्या! दचकून उठली ती समोर जायचे सोडून पाठीमागेच पळाली. शिट्टी वाजली. वेळापूरच्या मुली पोट धरून हसल्या आणि संघप्रियाला रडू फुटले.

ताईंनी तिला माझ्याशेजारी बसवले. "रातच्याला झोपत न्हाईस का गं?"

"फोन बघते, ताई. पण खो-खोच बघते की! मोठ्या खेळाडूंचा सूर. एक संपला की लगेच दुसरा येतोय."

मला असा राग आला म्हणता! मी इथे जिताजागता उभा आणि ही रात्रभर दुसऱ्याच खांबाला बघत बसते!

"बघ की, दिवसा बघ," ताई म्हणाल्या. "पण शिकलेलं अंगात मुरतंय ते झोपंत. तू झोपच उडवलीस. आजपासनं फोन सैपाकघरात झोपंल, तू अंथरुणात. आन् दोन दिवस सराव बंद."

निवड तोंडावर आणि सराव बंद? संघप्रिया हादरली. खरे सांगतो, मीही हादरलो. पण तिने ऐकले. सुरुवातीला फोन शोधत तिचा हात म्हणे आपोआप उशीखाली जायचा. मग हळूहळू डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली, ज्ञानदाशी होणारी भांडणे कमी झाली आणि एका संध्याकाळी ती जुनी घट्ट पकड माझ्या अंगावर परत आली. मला फार फार आनंद झाला.

निवडीचा सामना इथेच होता. डाव संपत आलेला. वेळापूरची सगळ्यात चपळ मुलगी माझ्या आडून सटकत होती. खो मिळताच संघप्रिया झेपावली, एका हाताने मला धरले आणि तिने सगळे अंग झोकून दिले. तिची बोटे त्या मुलीच्या टाचेला लागली. मैदान दणाणले. निवड करणाऱ्या बाईंनी तिचे नाव तिथल्या तिथे पुकारले.

ताई ओरडल्या, "कुणी व्हिडिओ काढला का गं?"

ज्ञानदाने कपाळावर हात मारून घेतला. "न्हाई की ताई! आमी सगळ्या बघतच राह्यलो."

मित्रांनो, मला वर्षातून एकदा पॉलिश पेपर मारला की पुरते. तुमच्या अंगाची काळजी मात्र रोज घ्यावी लागते. तेव्हा आज वेळेवर झोपा आणि उद्या संध्याकाळी पळत या. मला धरा आणि जोरात वळा. मी हलणार नाही.