सहा ते साडेसहाची कळ

आमच्या आळीचे फॅमिली डॉक्टर सहाच्या ठोक्याला दवाखान्याचं शटर ओढतात. शेवटच्या पेशंटची जीभ बाहेर असली, तर ती आत घ्यायलाही सवड देत नाहीत. त्यानंतर आजारी पडणाऱ्यांसाठी एक फोन नंबर आहे. तिथे फोन केला की दुसरे डॉक्टर घरी येतात. दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'अडीअडचणीला आम्ही आहोत'. पण अडीअडचणीने साडेसहाच्या आत यायचं नाही. मधला अर्धा तास कुणाचा, हे ठरवायला एक समिती नेमली होती म्हणे. ती अजून चहाच पितेय.

नेमका या अर्ध्या तासात आजारी पडायचा गाढवपणा घड्याळवाल्या काकांनी केला. मुतखड्याची कळ कमरेत अशी उठली, की काकांनी उशी चावली आणि कापूस उडून समोरच्या न्हाव्याच्या गिऱ्हाइकाला चिकटला. बिचाऱ्याला वाटलं, बसल्या बसल्या आपली दाढी पिकली.

काकूंनी साडेसहाला फोन लावला. वीस मिनिटं सनई ऐकवून झाल्यावर एक बाई बोलली.

"कळ कधी सुरू झाली?"

"मघाशीच हो," काकू म्हणाल्या.

"सहा वाजून दहा मिनिटांनी!" पलंगावरून काका ओरडले. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. जीव जाईल, पण मिनिट सोडणार नाही.

फोनवरच्या बाईने ते ऐकलं. "मग ती आमच्यात बसत नाही. सकाळी दवाखान्यात दाखवा. नवीन कळ आली तर आम्हाला फोन करा."

"अहो बाई, जुनी जायला तयार नाही, नवी कुठून आणू?"

"चालू कळ जुनीच धरतात."

काकूंनी भिंतीकडे एकदा बघितलं आणि बेधडक सांगून टाकलं, "आमचं घड्याळ पंचवीस मिनिटं मागे आहे!"

"म्हणजे खरे सहा पस्तीस. मग आधी नाही का सांगायचं? पाठवते डॉक्टर."

कळेने झालं नव्हतं तेवढं काकांचं तोंड या वाक्याने वाकडं झालं.

डॉक्टरीणबाई आल्या. एका हातात भरलेली सुई, दुसऱ्या हातात छापील कागद. 'माझे घड्याळ मागे आहे, हे मला मान्य आहे.' खाली सहीला जागा. असे कागद ते लोक छापूनच ठेवतात, यावरून काय ते समजा.

"मी सही करणार नाही," काका कण्हत म्हणाले. "सगळी आळी माझ्या घड्याळावर उठते-बसते. आणि ते मागे नाहीच मुळी!"

"द्या इकडे, मी करते," काकू म्हणाल्या.

"पेशंट शुद्धीवर असेल तर बायकोची चालत नाही."

"आणि बेशुद्ध पडले तर?"

"तर मग आमच्याकडे नाही. मोठं हॉस्पिटल."

सुईच्या टोकावर औषधाचा थेंब लोंबत होता. काका त्याच्याकडे असे बघत होते, जसं लहान पोर दुसऱ्याच्या हातातल्या कुल्फीकडे बघतं. पण सही? छे!

काकूंनी ठणकन स्टूल ओढलं, वर चढल्या, घड्याळाची काच उघडली आणि मोठा काटा कान पिळावा तसा मागे पिळला.

"बघा. आता आहे की नाही मागे?"

काकांनी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या भिंतीवर चुकीची वेळ होती. डोळ्यांत पाणी आलं. पण खरं ते खरंच.

"पंचवीस नाही, सव्वीस मिनिटं मागे आहे," असं म्हणून त्यांनी आकडा लिहिला आणि खाली सही ठोकली.

डॉक्टरीणबाईंनी बोटांवर बेरीज केली. सहा छत्तीस. बसतंय! तेव्हा कुठे सुई टोचली.

कळ उतरली तशी काकांची जीभ जड झाली. तरी पाय पलंगाखाली सोडून ते उठायला बघत होते. "अगं, काटा... आधी काटा लाव..."

काकूंनी खांदा धरून त्यांना परत आडवं केलं.

"गप पडा. त्या बाई जिना उतरेपर्यंत तरी ते खरं राहू द्या."