ताईच्या खुर्चीवरची जागा

मी एक जुना राउटर आहे. मित्रांनो, घराच्या कोपऱ्यात बसून हिरवे दिवे मिचकावणारी, दोन शिंगं उगारलेली काळी डबी तुम्ही पाहिलीच असेल. मी तिच्याच जातीचा. पण ही कहाणी माझ्यापेक्षा आमच्या ताईची जास्त आहे, आणि ती सांगताना माझी छाती फुगते.

कारखान्यात माझी परीक्षा एका मोकळ्या खोलीत झाली. मध्ये भिंत नाही, शेजारीपाजारी नाहीत, समोर फक्त नवीकोरी यंत्रं. मी जीव तोडून धावलो. माझ्या लहरींना दोन वाटा आहेत, एक लांबवर जाणारी पण संथ, दुसरी वेगाची पण जवळच दमणारी. दोन्ही वाटांवरचा वेग एकत्र मिळवून खोक्यावर भलामोठा आकडा छापला गेला. तो वाचून मी स्वतःवरच खूश झालो.

तोच आकडा पाहून ताईच्या बाबांनी मला घरी आणलं. ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि काय बोलते! दर शनिवारी ती आपल्या खोलीत लॅपटॉपसमोर उभी राहून दूरच्या एका शाळेतल्या मुलांना गोष्ट सांगायची. ती मुलंही न ऐकणारी. तिच्या बोटांतून माकड उड्या मारायचं, भुवयांतून म्हातारा राजा रागवायचा. पण माझ्या आधीच्या राउटरवर चित्र सारखं अडकायचं. इतरांचं चित्र अडकलं तरी आवाज येत राहतो, ताईचा मात्र शब्दच तुटायचा. शेवटी शाळेच्या बाईंनी कळवलं होतं, "मुलं कंटाळून उठून जातात. येत्या शनिवारी जमलं नाही, तर हा तास बंद करावा लागेल." ते वाचून ताई दिवसभर हात मांडीवर ठेवून बसून राहिली होती.

बाबांनी मोठ्या कौतुकानं मला बैठकीतल्या काचेच्या शोकेसमध्ये, करंडकांच्या मधोमध बसवलं. शेजारी माशांची टाकी. मान मिळाला, पण माझा जीव गुदमरला. धातूचे करंडक माझ्या लहरी परतवून लावायचे, टाकीतलं पाणी त्या गिळून टाकायचं, आणि उरल्यासुरल्या लहरी दोन भिंती ओलांडून ताईच्या खोलीत पोचेपर्यंत अर्धमेल्या व्हायच्या. त्यात शेजारच्या राउटरांचा कलकलाट. ताईचा धाकटा भाऊ तर सदानकदा गेम उतरवत बसलेला. माझा वेग सगळ्यांत वाटला जातो, हे त्याच्या गावीही नव्हतं.

शुक्रवारी भावानं मोबाइलवर वेग मोजला. माझ्यासमोर तो बरा आला. ताईच्या खोलीत मात्र सांगायला लाज वाटावी असा.

"खोक्यावर एवढा आकडा आणि आत भोपळा," बाबा वैतागले. "फसवलं आपल्याला. उद्याच परत देऊन टाकतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या घराची एक रीत होती. ताईला हाक मारून उपयोग नाही, म्हणून ज्याला बोलायचं असेल त्यानं तिच्यासमोर यायचं. तीही मधल्या बोळात खुर्ची टाकून बसायची, कारण तिथून घरातली सगळी दारं दिसतात. त्या संध्याकाळी ती खुर्चीवरून उठली, शोकेससमोर येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिचे हात हलले. भाऊ ते मोठ्यानं सांगू लागला.

"ती म्हणतेय, माझी खुर्ची तुम्ही या कपाटात ठेवली असती, तर मी तुमच्याशी बोलले असते का?"

बाबांनी मधल्या बोळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "अगं, पण बोळात वायर लोंबकळेल. कसं दिसेल ते?"

"ती म्हणतेय, दिसू दे."

इतकी वर्षं यंत्रांमध्ये काढली मी, पण माझं दुखणं असं ओळखणारं माणूस दुसरं भेटलं नाही. मला बोळात, ताईच्या खुर्चीच्या वर भिंतीला असलेल्या फळीवर बसवलं. तिथून तिच्या खोलीचं दार अगदी समोर. खोक्यावरचा आकडा मी तिथंही गाठला नाही, कुठल्याच घरात तो गाठता येत नाही. पण ताईला पुरेल एवढं मोकळेपणानं मला धावता येऊ लागलं.

शनिवारी भावानं आपण होऊन गेम बंद ठेवला. ताईच्या खोलीचं दार उघडं होतं. बाबा बोळात तिच्या खुर्चीवर बसून आपल्या मोबाइलवर गोष्ट पाहत होते. गोष्टीतला चोर भिंतीवर चढला, पाय टाकणार, तोच चित्र थांबलं. ताईचे हात हवेत, डोळे विस्फारलेले.

"अडकलं परत," बाबा पुटपुटले आणि माझं बटण बंद करायला उठले.

मी तर धडधाकट चालू होतो. बाबांचा हात बटणापाशी आला आणि तिथंच राहिला. उघड्या दारातून त्यांना खोलीतली ताई दिसली, तीही तशीच हात हवेत धरून उभी होती. पडद्यावरची मुलं तोंड उघडं टाकून बसली होती, एकही जागचं उठलं नव्हतं. मग ताईनं झडप घातली, चोर धाडकन पडला, आणि सगळ्या मुलांनी दोन्ही हात वर करून हलवले. ती त्यांची टाळी.

आजवर ताईनं गोष्टीत असं थांबायची हिंमत केली नव्हती. थांबली असती तर मुलांना वाटलं असतं, परत अडकलं. बाबा खाली बसले आणि डोळे पुसत पुढची गोष्ट पाहू लागले. शाळेचा तो शनिवारचा तास आजही चालू आहे.

मित्रांनो, आता माझे दिवे मंदावलेत, एक शिंगही सैल झालंय. तुमच्या घरच्या राउटरला शोभेची वस्तू करू नका. त्याला माणसांच्या मध्ये, मोकळ्या जागी ठेवा, आणि कुणाला त्याची खरी गरज असेल तेव्हा आपलं काम थोडं बाजूला ठेवा. आणि त्याला दोष देण्याआधी एकदा नीट बघा. त्या दिवशी मी थांबलो नव्हतो. आमची ताई थांबली होती.