अवलंबून व्यक्ती

१९९७ साली नाशिकच्या एका संस्थेत अहवाल लिहावा तर ललितानेच. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर जायचं, एकट्या बायकांची माहिती लिहायची आणि अंगठा घेण्याआधी ती त्यांना वाचून दाखवायची, ही तिची शिस्त.

त्या दिवशी फुलाबाईंच्या ओट्यावर बसून तिने वाचलं, "सदर महिला निराधार व असहाय आहे."

फुलाबाई उसळल्याच. "कोण असहाय? नागलीचं वावर मी एकटी बघते. पाड्यावरच्या बाया मला इचारून रोपांच्या आवणीला लागतात. खोड ते!"

ललिताने हसू दाबत ओळ खोडली. पुढचा रकाना होता अवलंबून व्यक्तींचा.

"लिही," फुलाबाईंनी बोटं मोजली. "म्हातारी सासू. दोन शेळ्या. आन् तू."

"मी?"

"मग? दर खेपेला भाकर कुणाच्या चुलीवरची खाते? पाय मुरगळला तवा आठ दिवस कुणी ठेवून घेतली?"

ललिता खळखळून हसली. मग तिने नीट अक्षरात लिहिलं, 'ललिता, वय सव्वीस', आणि नेमाप्रमाणे तेही वाचून दाखवलं.

"आता खरं लिहिलंस," म्हणत फुलाबाईंनी अंगठा शाईत दाबला.