समोरचा खुंटा

यशवंतराव पेरू देशातून परतले त्याला वर्ष होऊन गेलं, आणि चाकणला त्यांच्या गोष्टींचा केव्हाच कंटाळा आला होता. सुरुवातीला लोक जमले. बोटीवर कोळसा ओढणारा आपल्या गावचा माणूस तापानं फणफणून परक्या बंदरात उतरतो काय, आणि पुढची पाच वर्षं तिकडेच भटकतो काय! पांढऱ्याशुभ्र दगडांचं आरेकीपा शहर, कुस्कोतल्या चुन्याविना बसवलेल्या भिंती, त्यांच्या सांध्यात सुईसुद्धा शिरायची नाही, हे सगळं त्यांनी हातवारे करून सांगितलं. लोकांनी ऐकलं, "मग पेरू नाही आणले होय?" म्हणून हसून घेतलं आणि आपापल्या वाटेला लागले. तरण्या पोरांना तर पिंपरीच्या नव्या कारखान्यात चिकटायची घाई. त्यांना कुठली सवड?

घरी कोणी नव्हतं. आई ते पोचण्याआधीच गेली होती. बोलायचं कुणाशी, भिंतींशी?

एक गोष्ट मात्र त्यांना करून बघायचीच होती. तिकडे चिंचेरो गावात ते लोकरीचा पट्टा विणायला शिकले होते, आणि आता हात विसरायला लागले होते. अडचण एवढीच, की तिथल्या विणकामाचा ताणा, म्हणजे उभे धागे, एकट्यानं ताणता येत नाहीत. दोन खुंटे ठोकायचे, दोघांनी समोरासमोर बसायचं आणि लोकरीचा गुंडा खुंट्याला वळसा देऊन एकमेकांकडे टाकत राहायचा. यशवंतरावांनी अंगणात खुंटे ठोकले. गुंडा टाकायचा, उठायचं, पलीकडे जाऊन बसायचं, परत टाकायचा. एक धागा ताठ, दुसरा ढिला. शेजारच्या विमलबाई तोंडाला पदर लावून हसल्या, तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी ते कोंडाजी सनगराकडे गेले. घोंगडीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ लावून कोंडाजी नुकताच हात धूत होता.

"खळ वाळंपत्तुर मोकळाच हाय मी. बसतो की, त्यात काय!"

तो यशवंतरावांच्या अंगणात येऊन समोरच्या खुंट्याशी बसला. जन्मभर लोकरीत मुरलेला हात तो. बघता बघता लय जमली. गुंडा जाऊ लागला, येऊ लागला, धागे सारखे पडू लागले. वर्षभरात यशवंतरावांच्यासमोर असं कोणी बसलंच नव्हतं.

"ब्येस हाय हे," कोंडाजी म्हणाला. "तुमास्नी कुनी शिकवलं?"

"सातुर्निना म्हणून एक म्हातारी होती. तिची बहीण समोर बसायची, ती वारली. मग दुसरं कोणी नव्हतं तिला. म्हणून मला बसवलं."

"मग आता तिच्या म्होरं कोन बसतं?"

आपल्यासमोर कोणी बसत नाही म्हणून यशवंतराव वर्षभर अख्ख्या गावावर रुसले होते. चिंचेरोहून निघताना म्हातारी वेशीपर्यंत चालत आली होती, आणि यांचं सगळं लक्ष बोट चुकेल की काय याच्याकडे. हा प्रश्न त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता.

"टाका की, राव," कोंडाजी हात पुढं करून म्हणाला.

गुंडा यशवंतरावांच्या मांडीवरच राहिला.