विमानाची सुधारित तारीख

"जगात वेळेवर पोचणारी वस्तू एकच. पेणचा गणपती!" मूर्तिकार महिपतींनी पेण स्टेशनावर हात उंचावून जाहीर केलं. त्यांची रोह्याची गाडी नुकतीच सुटली होती. शेवटचा डबा अजून दिसत होता.

पुढच्या गाडीने ते रोह्याजवळच्या वरसे गावात पोचले. काम नाजूक होतं. त्यांची मुलगी नम्रता आणि तिथल्या पुंडलिकशेठांचा हरेश यांचं लग्न दोन वर्षांपूर्वी ठरलं होतं. आता फक्त व्हायचं राहिलं होतं.

हरेश मुंबईत एका विमान कंपनीत मेकॅनिक. पंच्याण्णव साली कंपनीने घोषणा केली, लांब पल्ल्याची सहा नवी विमानं येणार, मुंबईहून उडालेलं थेट लंडनला टेकणार. पहिल्या फेरीत नवविवाहित कर्मचाऱ्यांना आईवडिलांसकट फुकट जागा. पुंडलिकशेठांनी त्याच संध्याकाळी स्वेटर आणला आणि सांगून टाकलं, लग्न विमान आल्यावर.

विमान दिवाळीला येणार होतं. मग होळीला. मग परदेशातल्या कारखान्यात इंजिनं अडली. इंजिनं सुटली तर खुर्च्या अडल्या. दर वेळी कंपनीचं पत्र यायचं, 'तांत्रिक कारणास्तव विलंब. सुधारित तारीख यथावकाश कळवण्यात येईल.' पुंडलिकशेठ ते कॅलेंडरला टाचायचे आणि लग्न पुढे सरकवायचे.

"म्हणजे यंदाही नाय?" महिपतींनी विचारलं.

"घाई कसली, व्याही? विमान हाय ते. नारळ हाय का, उतरवला की झाला?" पुंडलिकशेठ आषाढातल्या उकाड्यात स्वेटर घालून बसले होते. अंगाला सवय हवी.

"आमच्या कारखान्यातनं वर्षाला हजार गणपती जातात. एकाला तरी उशीर झालाय?"

"गणपतीला इंजिन नसतंय."

महिपती चहा पिऊन परत आले.

नम्रता मूर्तींना पांढऱ्या रंगाचा पहिला हात देत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ब्रश न थांबवता विचारलं, "अण्णा, त्यांचा गणपती कोणाकडनं जातो?"

"आपल्याकडनं. अठरा वर्षं."

"मग?"

महिपतींच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावले. "नाय गो बाय! देवाशी खेळ नाय."

"देवाशी नाय. सासऱ्याशी."

हरतालिकेच्या सकाळी पुंडलिकशेठ टेम्पो घेऊन आले, बरोबर बायको ठमाबाई. पाट त्यांनी रिवाजाप्रमाणे महिन्याभरापूर्वीच आणून दिला होता, आणि त्यावर त्यांचा गणपती बसलेला होता. पिवळं पीतांबर, सोनेरी मुकुट, हातात मोदक. डोळे तेवढे नव्हते. पेणला डोळे सगळ्यांत शेवटी आखतात, तेही कारखान्याच्या मालकाच्याच हाताने.

नम्रताने कागद पुढे केला. पुंडलिकशेठांनी मोठ्याने वाचला, "तांत्रिक कारणास्तव डोळ्यांच्या आखणीस विलंब होत आहे. सुधारित तारीख यथावकाश... अवो, चतुर्थी उद्या हाय!"

"हाय ना," महिपती म्हणाले. "पण काळा रंग परदेशातनं यायचाय."

काळ्या रंगाची वाटी त्यांनी पाठीमागे धरली होती. चाळीस वर्षांत गिऱ्हाईक दारात असताना त्यांचा एकही गणपती बिनडोळ्यांचा नव्हता. मनातल्या मनात ते देवाला नाक घासून दाखवत होते.

"मंग आमी उद्या पुजायचा काय? सुपारी?"

"स्वेटर पुजा!" ठमाबाई कडाडल्या. "दोन वर्षं पोरगी थांबल्ये न तुमी लंडन लंडन करत बसलाव! द्या तारीक!"

"गप गो..."

"नाय गप! मी नाय येत लंडनला. माला सून पायजे."

पुंडलिकशेठांनी आधारासाठी गणपतीकडे पाहिलं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच तो त्यांच्याकडे बघत नव्हता.

"तुळशीचं लग्न झालं की पयला मुहूर्त," ते पुटपुटले. "विमान येवो नायतर ऱ्हावो."

"जरा मोठ्यानं," नम्रता म्हणाली.

ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.

महिपतींनी पाटासमोर बैठक मारली, श्वास रोखला आणि डोळे आखले. पाच मिनिटं लागली. गणपतीने समोर पाहिलं, आणि ठमाबाईंनी घाईघाईने पदर सावरला. नम्रता हरेशला कळवायला एसटीडी बूथकडे पळाली होती. चपला दारातच.

'मोरया'च्या गजरात टेम्पो हलला. महिपतींनी उपरण्याने डोळे पुसले, हात उंचावला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं जाहीर केलं. "बघून घ्या! पेणचा गणपती! वेळेवर, विनाथांबा, थेट घरी!"

टेम्पो दहा पावलांवर थांबला. पुंडलिकशेठांनी डोकं बाहेर काढलं.

"व्याही, उंदीर राहिलाय. तेवढा देता का?"