बंद तोंडाची गाडी

आमच्या जीपमध्ये हिवाळ्यात बोलायला बंदी आहे. हा नियम माझ्या नवऱ्याने, गोंबोने केलेला नाही, थंडीने केलाय. पण तो पाळताना गोंबोच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं, ते बघून मला कधीकधी वाटतं, ही कापडी छपराची गाडी त्याने त्यासाठीच घेतली असावी.

रशियन जीप आहे, माझ्या लग्नाआधीची. वर कॅनव्हास, त्यावर मी शिवलेला जाड लोकरीचा नमदा. आमच्या गेरचा, म्हणजे राहत्या तंबूचा, जुना नमदा उतरवला की त्यातला चांगला तुकडा आधी गाडीला, मग वासरांना, आणि उरलाच तर मला. एवढं करूनही थंडी आत येतेच. पारा उणे चाळीसच्या खाली गेला की तोंडातून निघालेली वाफ थेट समोरच्या काचेवर जाऊन बसते आणि तिथेच तिचा बर्फ होतो. हीटर आहे, पण असून नसल्यासारखा. म्हणून सगळ्यांनी नाकापर्यंत मफलर गुंडाळायचा, श्वास खाली डेलच्या, अंगातल्या लांब झग्याच्या, गळ्यात सोडायचा आणि गप्प बसायचं. ड्रायव्हरशेजारी बसेल त्याच्या हातात मिठाची पुरचुंडी. ती त्याने काचेवर घासत राहायची.

त्या दिवशी पुरचुंडी माझ्या धाकट्या दिराच्या, सोदनोमच्या हातात होती. तो दक्षिणेला खाणीत कामाला निघाला होता, कायमचा. आम्ही त्याला नणंदेच्या हिवाळी तळावरून उचलून गावातल्या बसपर्यंत सोडणार होतो. आणि हे दोघे भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

निघताना, तिथेच राहणाऱ्या सासूबाईंनी मला दाराआड ओढलं. त्यांच्या हातात दुधाची पळी होती, वाट सुखाची व्हावी म्हणून चाकांमागे शिंपडायला.

"देलगेर, हा असाच गेला तर परत यायचा नाही. वाटेत दोघांना बोलतं कर."

"त्या गाडीत, आई?"

"मग काय माझ्या चुलीपुढे बोलणारेत? एक आत आला की दुसरा इंजिन बघायला बाहेर जातो. बायको ना तू त्याची? एरवी तर तुझं तोंड मिटत नाही."

हे मात्र खरं होतं, म्हणून मी मफलर गुंडाळून गाडीत जाऊन बसले.

भांडण झालं ते तीन वर्षांपूर्वीच्या वाईट हिवाळ्यात. गवतावर बर्फाचा कडक थर बसला होता. मेंढ्या खुरांनी उकरून उकरून उभ्या जागी मरत होत्या. सोदनोमने गोंबोकडे निरोप धाडला, गवत घेऊन ये. गवत पोचलं नाही. मेंढ्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर त्याचं ठरत आलेलं लग्नही गेलं. तेवढ्यात आमच्याकडे चहा पिऊन गेलेला एक वाटसरू त्याच्या तळावर पोचला आणि सांगून मोकळा झाला, "तुझा भाऊ आणि वहिनी मजेत आहेत. शेकोटीशी बसून जीपचं छप्पर शिवतायत."

त्यानंतर सोदनोम भेटेल त्याला सांगत सुटला, "माझ्या भावाला मेंढ्यांपेक्षा छप्पर प्यारं." ते गोंबोच्या कानावर आलं. "रस्ता नव्हता," एवढंच तो म्हणाला, आणि मलाही बजावलं, एक अक्षर बोलायचं नाही. आमच्याकडे चहा खारट पितात; मी रागाने दोन दिवस त्याच्या चहात मीठ घातलं नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही.

तर आम्ही निघालो. मी मागे, गाठोड्यांच्या मधे. छप्पर फडफडत होतं, खिडक्यांचं प्लॅस्टिक लाकडासारखं ताठ झालं होतं. पुढे दोन कोल्ह्याच्या कातड्याच्या टोप्या, एकाच आईने शिवलेल्या, एकाच मापाच्या. एक समोर बघतेय, दुसरी काच घासतेय. खिंडीतल्या दगडांच्या राशीपाशी गोंबोने नमस्कारादाखल तीनदा हॉर्न वाजवला. उतरून प्रदक्षिणा घालावी अशी ती थंडी नव्हती. तिथून खाली नदी दिसली आणि नदीपलीकडे गावाचा धूर. म्हणजे बसचा थांबा आता जवळ आला. मला एकदम रडूच यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

मी मफलर खाली ओढला.

"भावजी, तुम्हाला एक सांगायचंय."

गोंबोने न वळता बोट वर केलं. "काच."

"जाऊ दे काच. भावजी, आम्ही छप्पर शिवत होतो हे खरं आहे. पण ते फाटलं कुठे, हे विचारलंत कधी?"

"वहिनी, गप्प बसा. रस्ता दिसेनासा झालाय."

"इथे फाटलं. ह्याच उतारावर, तुमच्या तळाकडे येताना. मागे जिथे मी बसलेय ना, तिथे गवत कोंबलेलं होतं, तुमच्या मेंढ्यांचं. वाऱ्याने अर्धा कॅनव्हास उचकटून नेला. तसाच हा उघड्या गाडीतून नदीपर्यंत आला."

"देलगेर, पुरे," गोंबो म्हणाला. त्याचीही वाफ काचेवर गेली.

"पुरे कसं? नदीवर बर्फाच्या वरून पाणी वाहत होतं. हा उतरून वाट शोधायला गेला आणि बूट भिजले. डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांनी काढली, भावजी. नमद्याच्या बुटात ती कुणाला दिसणार?"

सोदनोमचा घासणारा हात थांबला. काच पांढरी होत गेली, आधी कडेने, मग मधे.

"मग सांगितलं का नाही?" त्याने हे काचेलाच विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं, पण गोंबो आधी बोलला. "काय सांगू? बूट भिजले आणि मी घाबरलो. मरेन असं वाटलं. पलीकडे जाता आलं असतं, मी गेलो नाही. मागे फिरलो. तुझ्या मेंढ्या मेल्या त्या मेल्याच."

एवढं सलग तो माझ्याशीही कधी बोलला नव्हता. आणि तेवढ्या बोलण्याने उरलेली काच गेली. आम्ही तेव्हा नदीच्या बर्फावर होतो. खाली पाण्याच्या जागा कुठे आहेत ते कळेना, आणि बर्फावर जड गाडी थांबवायची नसते. गोंबोने बाहीने काच पुसली, काही उपयोग झाला नाही. मला त्या क्षणी सासूबाईंचा फार राग आला.

सोदनोमने दाराच्या कापडी झडपेच्या गुंड्या तोडल्याच, सोडल्या नाहीत. टोपी मागे सारून त्याने डोकं बाहेर काढलं.

"डावीकडे घे," तो ओरडला. "अजून डावीकडे. काळा डाग आहे, हळू. हां, आता सरळ. दादा, सरळ."

गोंबो त्या आवाजावर गाडी हाकत होता. डोळे उघडे असून त्यांचा त्याला काही उपयोग नव्हता. चाकांखाली एकदा कडकड वाजलं, मी आईचं नाव घेतलं. मग पुढची चाकं वर चढली आणि आम्ही काठावर आलो.

"भावजी, आता आत या," मी म्हटलं. उघड्या झडपेतून कोरडा वारा आला होता आणि गोंबोने नखांनी खरवडून तळहाताएवढी जागा मोकळी केली होती. त्याला रस्ता दिसत होता.

"उजवीकडे घे, दादा," सोदनोम बाहेरूनच म्हणाला.

गोंबोने मुकाट्याने उजवीकडे घेतलं. तो रस्ता लहानपणापासून त्याच्या पायाखालचा.

बसपाशी उतरलो तेव्हा सोदनोमच्या गालावर नाण्याएवढा पांढरा डाग पडलेला होता. गोठलेली कातडी चोळायची नसते. गोंबोने दोन्ही हातमोजे दातांनी ओढून काढले आणि आपला तळवा त्या गालावर ठेवला. दुसऱ्या हाताने त्याचं डोकं मागून धरलं. सोदनोम हातात पिशवी घेऊन डोळे मिटून उभा राहिला. माणसं चढली, सामान चढलं.

"दादा, जाऊ दे मला," तो म्हणाला. "बस सुटेल."

"थांब. अजून ऊब आली नाही."

गाल केव्हाच लालबुंद झाला होता. मला दिसत होतं, बसच्या ड्रायव्हरलाही दिसत असावं. त्याने एकदा हॉर्नकडे हात नेला, मग इंजिन तसंच चालू ठेवून सिगारेट पेटवली.